पाटीवर लिहिलेले, वहीत लिहिलेले



मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. अशा माणसाने संगणकाच्या दुरुस्तीवर भाषण करावे, हे आपणांस थोडे विचित्र वाटेल. म्हणून माझा अधिकार आधीच सांगून टाकतो : तो फजितीचा आहे. गेल्या उन्हाळ्यात माझी जी फजिती झाली, तीच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. गोष्ट अगदी लहान आहे. घरातला एक संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि त्याचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटला. एवढेच झाले. परंतु ते निस्तरताना जे शिकायला मिळाले, ते ज्यांच्या शाळेत संगणक आहे, ज्यांच्या ग्रामपंचायतीत इंटरनेटची पेटी आहे, अशा सर्वांच्या उपयोगी पडावे असे आहे.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. पंगतीत वाढपी असतो ना, तसा हा संगणकांतला वाढपी. दुसऱ्या संगणकाने किंवा मोबाइलने ‘मला अमुक द्या’ म्हटले की हा ते आणून वाढतो. स्वतः पाटावर बसत नाही. त्यामुळे त्याला पडदा लागत नाही, कळफलक लागत नाही. एकदा सगळे लावून दिले की कोपऱ्यात धूळ खात तो रात्रंदिवस उभा असतो. त्याला काही मोठे, महागडे यंत्रच लागते असेही नाही. जुना, टाकाऊ ठरलेला संगणकसुद्धा हे काम करतो.

माझ्या गोंदियाच्या घरी असा एक वाढपी आहे. त्यावर दोन प्रकारचा माल आहे. एक, बी. ए.च्या मुलांसाठी मी लिहिलेली टिपणे. आमच्याकडे सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी या तालुक्यांतली मुले येतात. कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ती पहिलीच. पुस्तक विकत घेणे प्रत्येकाला जमत नाही, पण घरात एखादा मोबाइल असतो. त्यावर ती टिपणे उघडून वाचतात. दुसरा माल म्हणजे ध्वनिमुद्रणे. गेली काही वर्षे माझे विद्यार्थी आणि मी गावोगाव फिरून रोवणीची गाणी, दंडारीतली गाणी, झाडीपट्टीतल्या म्हणी नोंदवून घेत आहोत. त्यांत देवरी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंची वीस-बावीस गाणी आहेत. त्या बाई आता या जगात नाहीत. आणि लाजेने सांगतो, त्या गाण्यांची दुसरी प्रत त्या दिवसापर्यंत कुठेही नव्हती.

मे महिन्यातला शनिवार होता. सोमवारी मराठीचा पेपर. संध्याकाळी संगणकाने कळवले की सुरक्षेच्या काही सुधारणा बसवल्या आहेत, त्या लागू होण्यासाठी मला एकदा बंद करून पुन्हा चालू करा. मी केले. पाच मिनिटांत त्याचा पंखा पुन्हा गुणगुणू लागला आणि मी निश्चिंत झालो. तासाभराने फोन आला. सालेकशाकडची एक विद्यार्थिनी होती.

“सर, पान उघडत नाही जी.”

“रेंज नसेल. जरा बाहेर जाऊन पाहा.”

“बाहेरच उभी आहो सर. बाकी सगळं उघडते, फक्त तुमचंच नाही.”

त्यानंतर दुसरा फोन, मग तिसरा. मी उठून पाहिले तर यंत्र चालू, दिवे लागलेले, आणि बाहेरच्या जगाला त्याचा पत्ताच नाही!

आता फजिती ऐका. मी पहिल्यांदा काय केले, तर ते पुन्हा बंद करून चालू केले. मग आणखी एकदा. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावून पलीकडच्या मुलाला चार शब्द सुनावले. तो बिचारा शांतपणे म्हणाला, “सर, आमच्याकडून लाइन चालू आहे.” मला ते खरे वाटले नाही. वास्तविक त्याच लाइनीवर माझ्या हातातला मोबाइल व्यवस्थित चालत होता. पण माणूस रागात असला की समोरचा पुरावा दिसत नाही. शेवटी मी ठरवले, हे सगळे पुसून टाकायचे आणि संगणक पहिल्यापासून नव्याने बसवायचा. त्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह मी कपाटातून काढलासुद्धा. त्या पुसण्यात म्हाताऱ्या बाईंची गाणी जातील, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आले नाही, यावरून माझी अवस्था आपल्या लक्षात येईल.

त्या दिवशी एका लग्नाच्या निमित्ताने माझे मामा आमच्याकडे मुक्कामाला होते. त्यांचे गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आणि धानाची शेती मामा तलावाखाली. हा मामा तलाव माझ्या मामांचा नव्हे, हे आपल्या भागातल्या श्रोत्यांना सांगायला नको. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मा-मा. मामा खाटेवर पडून माझी धावपळ पाहत होते. उठून बसले.

“का झालं बाबू?”

“इंटरनेट जात नाही मामा. सगळं पुसून नवीन बसवतो.”

“पाणी येत नाही म्हणून तलाव फोडतोस का? पहिले आपली बांधी पाहावं. मग पाट पाहावा. कुठंतरी बुजला असन.”

मामांना संगणकातले काही कळत नाही, आणि आपण काही मोठे बोललो असेही त्यांना वाटले नाही. ते पुन्हा आडवे झाले. मला मात्र लहानपणची रात्र आठवली. रोवणीच्या दिवसांत शेवटच्या बांधीत पाणी पोहोचले नाही, की मामा कंदील आणि फावडे घेऊन निघत आणि मी मागे मागे. ते एकदम तलावावर जात नसत. आपल्या बांधीच्या तोंडापासून सुरुवात करीत आणि पाटाने उलटे वर चढत जात. प्रत्येक वळणावर थांबून पाहायचे : इथे पाणी आहे का? नाही. पुढे चला. इथे आहे का? आहे. मग बिघाड या दोन वळणांच्या मध्ये. तेवढ्याच तुकड्यात शोधायचे. कुठे पाला अडकलेला असे, कुठे खेकड्याने भोक पाडलेले, कुठे शेजाऱ्याने रात्री हळूच तोंड आपल्याकडे वळवलेले!

मी पेनड्राइव्ह बाजूला ठेवला, यंत्राला पडदा व कळफलक जोडला, शाळेची एक कोरी वही घेतली आणि बांधीपासून सुरुवात केली.

पहिली पायरी तारेची. यंत्राच्या मागे जिथे तार खोचलेली असते तिथे एक बारीक दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर तार शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. दिवा लुकलुकत होता. वहीत लिहिले : तार ठीक.

दुसरी पायरी पत्त्याची. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. आजही सर्रास वापरात असलेली क्रमांकांची पद्धत १९८१ साली ठरली. तिच्यात सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात. त्या वेळी ते उदंड वाटले. पुढे माणसांहून यंत्रे अधिक होण्याचा रंग दिसू लागला, तेव्हा काही क्रमांक घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे क्रमांक आपण पाहतो ते असे घरगुती. वाड्यातल्या खोल्यांना एक, दोन, तीन असे आकडे दिलेले असतात. तेच आकडे शेजारच्या वाड्यातही असतात, आणि कोणाचे काही बिघडत नाही. माझ्या सर्व्हरची खोली १९२.१६८.१.५०. यंत्राला विचारले, तुझा पत्ता काय? लिनक्स पद्धतीच्या संगणकावर त्यासाठी ‘आयपी ए’ अशी छोटी आज्ञा आहे. त्याने बरोबर पत्ता सांगितला. वहीत लिहिले : पत्ता ठीक.

तिसरी पायरी घरातल्या घरात. पत्नीच्या संगणकावरून सर्व्हरचे पान उघडले. क्षणात उघडले! टिपणे होती, गाणी होती. ती म्हणाली, “म्हणजे यंत्र मेलेलं नाही.” माझा जीव भांड्यात पडला. वाढपी घरच्यांना वाढत होता. फक्त बाहेरची पंगत उपाशी होती. श्रोतेहो, या एका उत्तराने अर्धा पाट शोधायचा राहिला. आणि हे उत्तर मिळवायला मला दोन तास लागले, कारण मी तो प्रश्नच विचारला नव्हता.

चौथी पायरी वेशीबाहेरची. ‘पिंग’ नावाची एक सोय संगणकात असते. आपण हाक मारायची आणि पलीकडून ‘ओ’ येते का ते ऐकायचे. हाक नावाने मारता येते किंवा क्रमांकाने. आधी क्रमांकाने मारावी, म्हणजे नाव चुकले की रस्ता चुकला याचा घोळ होत नाही. ८.८.८.८ हा गूगलच्या एका सेवेचा क्रमांक लक्षात ठेवायला सोपा आहे. मी सर्व्हरवरून त्याला हाक मारली. उत्तर आले : तिथवर पोहोचता येत नाही. निराश होणार तोच लक्षात आले की हे उत्तर देणाऱ्याचा क्रमांकही सोबत छापलेला आहे, आणि तो १९२.१६८.१.५० आहे. म्हणजे ‘पोहोचता येत नाही’ असे गूगल म्हणत नव्हते, कंपनी म्हणत नव्हती. माझेच यंत्र म्हणत होते! पत्र पोस्टात हरवले नव्हते. ते घराबाहेरच पडले नव्हते. फोनवरच्या त्या मुलाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

पाचवी पायरी दाराची. वाड्यातल्या खोलीला एवढे ठाऊक असून भागत नाही की आपला आकडा काय. बाहेर जायचे दार कोणते, तेही ठाऊक असावे लागते. हे दार म्हणजे राउटर, कंपनीने बसवलेली ती दिवे असलेली पेटी. तिलाही एक क्रमांक असतो. मी सर्व्हरला विचारले, ‘आयपी रूट’, म्हणजे तुझा रस्ता कोणता? तो म्हणाला, दार १९२.१६८.१.१. मग राउटरची पेटी उलटी करून खालची चिठ्ठी वाचली. तिथे छापले होते १९२.१६८.१.२५४.

सापडले! घराचे दार एकीकडे आणि वाढपी भिंतीवर डोके आपटत उभा! आणखी एक गंमत पाहा. बाहेरून मुलांच्या विनंत्या येत होत्या, राउटर त्या नेमाने सर्व्हरकडे पोहोचवतही होता. सर्व्हर उत्तर तयार करीत होता आणि जुन्या, बुजलेल्या दाराने पाठवत होता. निरोप येत होता, उत्तर जात नव्हते. पलीकडच्या मुलीला वाटत होते, सरांनी पानच बंद केले.

आता प्रश्न असा की आदल्या दिवसापर्यंत हे चालले कसे? याचे उत्तर हाच आजच्या भाषणाचा गाभा आहे.

त्याआधीच्या पोळ्याच्या सुमारास आम्ही जुनी जोडणी सोडून काचतंतूची नवी घेतली होती. जुनी पेटी गेली, नवी आली आणि दाराचा क्रमांक बदलला. घरातल्या बाकी यंत्रांना नवे दार पेटीने आपोआप सांगितले. सर्व्हरचा पत्ता मात्र कायमचा ठरवून दिलेला असल्यामुळे त्याचे दारही हाताने लिहावे लागते. माझा एक माजी विद्यार्थी, जो आता पुण्यात नोकरी करतो, पोळ्याला गावी आला होता. त्याने बसून नवे दार सर्व्हरला सांगितले. चालू झाले. तो म्हणाला, “सर, सध्या नुसतं सांगून ठेवतो, फाइलीत मग लिहू.” तेवढ्यात चहा आला. मग त्याच्या गाडीची वेळ झाली. तो ‘मग’ काही उगवला नाही.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आपल्याला हे पटकन कळेल. संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. एक पाटीसारखी. तिच्यावर भराभर लिहिता येते, काम चालते, पण वीज गेली की पाटी कोरी. दुसरी वहीसारखी. तिच्यावर लिहिलेले वीज गेली तरी राहते. सुरू होताना संगणक वही उघडतो आणि तिच्यातले पाटीवर उतरवून घेतो. माझ्या विद्यार्थ्याने नवे दार पाटीवर लिहिले होते. वहीत जुनेच होते. घरी इन्व्हर्टर असल्यामुळे आठ-नऊ महिने यंत्र एकदाही बंद पडले नाही आणि पाटीवर सगळे नीट चालले. शनिवारी मी ते बंद केले, पाटी पुसली गेली. यंत्राने आज्ञाधारकपणे वही उघडली आणि जुने दार वाचले. यंत्राने काही विसरले नव्हते. आपण त्याला जे लिहून दिले होते तेच त्याने केले. चूक शनिवारची नव्हती, पोळ्याची होती. मी मात्र शनिवारच्या सुधारणेला शिव्या देत होतो. बिघाड जेव्हा दिसतो तेव्हाच तो झाला असे आपण धरून चालतो, आणि तिथेच शोध चुकतो.

आता दुरुस्ती. प्रथम पाटीवरच नवे दार सांगून पाहिले. क्रमांकाने हाक मारली, ‘ओ’ आली. नावाने मारली, उत्तर नाही! पण या वेळी घाबरलो नाही. पाट कळला होता. क्रमांकाने जाते आणि नावाने जात नाही, याचा अर्थ रस्ता बरा आहे, नावाचा क्रमांक शोधून देणारा कोणीतरी गैरहजर आहे. माणसांना नावे लक्षात राहतात, यंत्रांना क्रमांक लागतात. हा दुभाषाचा कारभार १९८३ साली आखला गेला. माझ्या जुन्या वहीत दुभाषा म्हणूनही तीच जुनी, काढून टाकलेली पेटी लिहिलेली होती. दोन्ही ओळी एकाच मुळाच्या.

मग वही, म्हणजे मांडणीची फाइल, उघडली. आधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवली. दोन ओळी बदलल्या. या फाइलीत ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागासुद्धा अर्थाची असते. समास चुकला तर यंत्र वाचायला नकार देते. तेव्हा शुद्धलेखनाच्या शिक्षकाच्या डोळ्यांनी तपासावे. माझ्या संगणकात ‘नेटप्लॅन ट्राय’ नावाची एक शहाणी सोय आहे. नवी मांडणी ती १२० सेकंद वापरून पाहते. तेवढ्या वेळात आपण ‘ठीक’ म्हटले नाही, तर जुनी परत लावते. दुरून काम करताना आपणच स्वतःला बाहेर कोंडून घेऊ नये, म्हणून ही योजना. मी ‘ठीक’ म्हटले. सारे चालू झाले.

पण काम इथे संपत नाही. पोळ्यालाही सारे असेच चालू झाले होते! खरी परीक्षा एकच : यंत्र मुद्दाम, आपल्या हाताने पुन्हा बंद करायचे आणि चालू करायचे. रात्रीचे साडेअकरा झाले होते. चालते यंत्र बंद करताना माझा हात अडखळला, हे कबूल करतो. तरी केले. तीन मिनिटे थांबलो. मग नुसता बसून राहिलो. काही वेळाने मोबाइलवर सालेकशाहून दोन शब्द आले : “सर, उघडलं.”

माझ्याकडे दार चुकले होते. आपल्याकडे दुसरे काही असू शकेल. पण बंद-चालू केल्यावरच दिसणारे बिघाड बहुधा याच जातीचे असतात. त्यांतले चार थोडक्यात सांगतो.

एक, यंत्रात नवे कार्ड बसवले की जाळ्याच्या जोडणीचे नाव कधी कधी बदलते. वहीत जुने नाव असते. यंत्र त्या नावाच्या जोडणीची वाट पाहते आणि ती कधीच येत नाही.

दोन, सर्व्हरला कायमचा पत्ता दिलेला नसेल, तर राउटर चालू होताना त्याला वेगळी खोली देऊ शकतो. मग बाहेरून येणारा पाहुणा जुन्या खोलीचे दार ठोठावत राहतो. यावर उपाय, राउटरमध्ये त्या यंत्रासाठी एक क्रमांक राखून ठेवणे.

तीन, एखादी सेवा ‘आज कामावर ये’ एवढेच सांगून चालू केलेली असते. ‘रोज सकाळी ये’ हे सांगायचे राहिलेले असते. यंत्र बंद होईपर्यंत ती इमानाने राबते, आणि उठल्यावर तिला कोणी बोलावत नाही.

चार, घड्याळ. जुन्या संगणकात रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असे छापलेले आढळते. ती संपली की वीज जाताच घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांचे ओळखपत्र अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालते. घड्याळ मागे असलेल्या यंत्राला ते ओळखपत्र अजून लागूच झाले नाही असे वाटते आणि ते पान उघडत नाही. हाक मारली तर ‘ओ’ येते, पण पान उघडत नाही. अशा वेळी तारीख पाहावी. शाळांना उन्हाळ्याची सुटी लागते, संगणकाची वीज दीड-दोन महिने बंद राहते, आणि जूनमध्ये नेमके हेच होते.

आता शाळांविषयीच दोन शब्द. भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच आज आपण भारतनेट म्हणतो. तार येते, पेटी येते, संगणक येतो. एखादे हौशी गुरुजी रात्री जागून सगळे लावतात. मुले आनंदतात. आणि मग गुरुजींची बदली होते. चार्ज देताना डेडस्टॉक रजिस्टरात संगणकाची किंमत असते, खरेदीची तारीख असते. त्याचा पत्ता कोणता, दार कोणते, कोणती सेवा आपोआप सुरू होते, हे कुठेच नसते. ते गुरुजींच्या डोक्यात होते आणि डोक्यासह दुसऱ्या तालुक्यात गेले. पुढे एकदा वीज जाते, पाटी पुसली जाते, आणि संगणकावर फुलाफुलांचे कापड चढते. यंत्र चांगले असते. अडलेले असते ते दहा ओळींच्या लिखाणावाचून.

म्हणून माझी विनंती एवढीच की यंत्राजवळ दोऱ्याने बांधलेली एक वही ठेवावी. पहिल्या पानावर यंत्राचा पत्ता, दाराचा क्रमांक, दुभाषाचा क्रमांक, राउटर कोणता, कधी बसवला. पुढे प्रत्येक बदल तारखेसह : काय होते, काय केले, कोणी केले, बंद-चालू करून पाहिले की नाही. संकेतशब्द त्या वहीत लिहू नयेत. ते बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावेत. बिघाड शोधताना एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा उपयोग झाला नाही तर तो परत घ्यावा. नाही तर मूळ बिघाड एक आणि आपले दहा असे अकरा होतात. आणि जे दुसरीकडे मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी असावी. त्या रविवारी सकाळी मी पहिले काम केले ते गाण्यांच्या प्रतीचे. एक प्रत आता महाविद्यालयात असते. अधूनमधून ती उघडून एखादे गाणे ऐकतो, कारण न उघडलेली प्रत खरोखर आहे की नाही हे कोणी सांगावे?

आपल्या भागाला या गोष्टीची ओळख नाही असे नाही. मालगुजारी १९५१ साली संपली. त्यानंतर हा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १९९९ साली भंडाऱ्यातून आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. इतक्या वेळा कारभार बंद होऊन नव्याने सुरू झाला. पण गावाने जंगलातून सरपण कुठून आणावे, गुरे कुठे चारावी, हे ज्या निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात लिहिलेले होते, ते गावाला पुढेही दाखवता आले. नुसत्या शब्दावर चाललेले किती हक्क त्या त्या माणसांबरोबर गेले, त्यांची मोजदाद कोण करणार? कागदावर होते त्याला निदान पुरावा राहिला.

माझा तो विद्यार्थी परवा दिवाळीला आला होता. मी त्याला सारी हकीकत सांगितली. तो ओशाळला. म्हणाला, “सर, चूक माझी.” मी म्हटले, “अरे, तू ‘मग लिहू’ म्हणालास तेव्हा समोर मीच बसलो होतो की. चहा मागवणाराही मीच.” मग त्याने आपण होऊन दोऱ्याला बांधलेली वही उघडली, पोळ्याच्या तारखेची जागा शोधली, आणि राहिलेली नोंद स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली.